एसीचा वास

आमच्या घरात शिरताना मला चपला काढायच्या आधी तोंड उघडावं लागतं. बायको दारात येते, मान जराशी पुढे करते आणि म्हणते, "हा करा." मी तिच्या तोंडासमोर श्वास सोडतो. ती हुंगते, बाजूला होते, मग मी आत जातो. दारू सोडली त्या दिवसापासून हा रिवाज चालू आहे. सुरुवातीला लाज वाटायची, नंतर राग यायला लागला. आता मी घरी येताना मुद्दाम कच्चा कांदा खाऊन येतो. माझ्या हातात तेवढाच सूड उरला आहे.

मी लाकूड डेपोत कारकून होतो. नोकरी सगळी जंगलात गेली आणि नोकरीतली बरीचशी वर्षं मोहाच्या दारूत. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दुकान नाही, एवढंच. दुकान असतं तर त्याला बंद व्हायची एक वेळ तरी असती. मी किती प्यायचो हे इथे लिहीत बसत नाही. अहेरीत कोणालाही विचारा, माझ्यापेक्षा रंगवून सांगेल.

एक गोष्ट मात्र सांगावी लागेल, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. मुलगी आम्हाला एकच. ती गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. तिची पहिली सोयरीक जमली होती, घरी साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलाच्या आईला मानाचं ताट देताना माझा तोल गेला आणि मी ताटासकट त्या बाईच्या मांडीवर पडलो. सोयरीक तिथेच मोडली. ती बाई भारी ताठ होती, तिच्या हाताखाली पोरगी सुखाने नांदली नसती, असं मी आजही म्हणतो. घरात ते कोणी ऐकून घेत नाही. पोरीने माझ्याशी बोलणं टाकलं. एका खोलीत बसलेलो असलो तरी ती आईला म्हणायची, "त्यायले सांग, जेवण वाढलं." त्यानंतर मी दारू सोडली. तिचं "त्यायले सांग" मात्र सुटलं नाही.

काही वर्षांनी दुसरं स्थळ आलं. मुलगा गडचिरोलीतलाच, साधा, घरात फक्त म्हातारे वडील. लग्न उन्हाळ्यात, गडचिरोलीच्या एका हॉलमध्ये ठरलं. त्यानंतरच्या रविवारी पोरगी घरी आली, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"बाबा, कन्यादान तुमच्याच हातचं पाहिजे मले. आपल्या गाडीत बसवून तुमीच न्यायचं मले हॉलपर्यंत. पण तोवर एकदा जरी वास आला, तर मामा बसन पाटावर. मंग भांडायचं नाई."

मी म्हटलं, नाही भांडणार. तिने आईकडे पाहिलं. बायकोने पेटीतून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मला त्या वेळी रडू आलं, पण मी ते खोकल्यात दडवलं.

गाडी जुनी होती. माझ्या साळ्याने नवी घेतली तेव्हा ही आमच्या गळ्यात मारली होती. साळा गळ्यात माळ घालणारा, शुद्ध, चहासुद्धा न पिणारा माणूस. अशा माणसाबरोबर पाच मिनिटं बसलं तरी माणसाला प्यावंसं वाटतं. गाडीची किल्ली बायकोकडे असायची आणि गाडी घरामागच्या टिनाच्या मांडवात उभी असायची. तिच्यात एसी होता आणि पूर्वी तो बरा चालायचा.

आता मोहाचं झाड. आमच्या धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर एक मोठा मोह आहे. मी सोडल्यापासून बायकोने त्याची फुलं घरी आणणं बंद केलं होतं. आमची शेती अर्ध्या वाट्याने करणारं एक गोंड कुटुंब आहे, ती फुलं त्यांना देऊन टाकली होती. मोहफूल म्हणजे दारूच असं काही नाही. लोक ते भाजून खातात, लाडू करतात, बैलाला घालतात. पण आमच्या घरी तो शब्दही कोणी काढायचा नाही. त्या वर्षी फुलं पडायच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. त्या कुटुंबाचं अंगण चिखलाने भरलं, फुलं कुजायला लागली. त्यांच्यातली म्हातारी आमच्या दारात येऊन बसली. बायकोला दया आली आणि तिने गाडीच्या मांडवात, गाडीच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्या टाकून फुलं वाळवायची परवानगी दिली. मग मला बोलावून सांगितलं, "फुलं उचलून नेतपर्यंत मांडवाकडे जाचं नाई."

मी गेलो नाही. मला दूर ठेवायला म्हणून त्या दिवसांत घरातलं दुसरंही कोणी तिकडे फिरकलं नाही. फक्त उंदीर फिरकले. त्यांना कोणी काही बजावलं नव्हतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फुलं गेली, ऊन चढलं, आणि मी गाडी धुऊन पुसून बाहेर काढली. एसी लावला. इंजिनवर भार आल्याचं कळलं, पंख्याचा आवाज आला, पण समोरच्या जाळीतून येणारी हवा एखाद्या आजारी माणसाच्या श्वासाएवढी. थंड होती, पण होती इतकी कमी की हात जाळीला चिकटवला तरच लागायची. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. अशा गाडीत शालू नेसलेल्या नवरीला अहेरीपासून गडचिरोलीपर्यंत नेणं म्हणजे तिला उकडून काढणं.

मला गाड्यांतलं थोडं कळतं. डेपोच्या जीपखाली मी अनेकदा झोपलो आहे, त्यातल्या काही वेळा दुरुस्तीसाठी. मी बॉनेट उघडलं. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर टक् करून फिरायला लागत होता. इंजिनकडून आत जाणारी जाड नळी हाताला गार लागत होती, तिच्यावर पाण्याचे थेंब होते. म्हणजे गॅस ठीक होता. पंखा एकवर ठेवा नाहीतर चारवर, आवाज वाढायचा पण हवा तेवढीच. म्हणजे थंडावा तयार होत होता, पण तो बाहेर येत नव्हता. डॅशबोर्डच्या मागे पंख्याची पेटी असते, तिथे काहीतरी अडकलं होतं. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सरळ होतं. मला कळलंही. ती पेटी उघडायची, बस.

आणि नेमकं तेच मी केलं नाही.

कारण तिसऱ्या की चौथ्या फेरीला, आलापल्लीकडे जाताना, एसीच्या जाळीतून माझ्या तोंडावर वास आला. मोहाचा. वाळल्या फुलांचा नाही, भिजवून ठेवलेल्या, आंबलेल्या फुलांचा, भट्टीवर चढवायच्या आधी मडक्यात असतो तो. मी गाडी बाजूला घेतली. काच खाली केली, एसी बंद केला, वास गेला. पुन्हा काच वर, पुन्हा एसी, पुन्हा वास.

दारू सोडलेल्याला वास येतो, हे न सोडलेल्यांना ठाऊक नसतं. स्वप्नात येतो, आंघोळीच्या पाण्यातून येतो, एकदा तर देवळात आला होता. मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोणाला? डेपोच्या जीपमध्ये मी काचा लावूनच प्यायचो. मला वाटलं, बंद काचा आणि निवांतपणा मिळाला की हे हरामखोर शरीर जुनी मागणी करतं आहे. लग्न तोंडावर आलेलं, पोरगी इतक्या वर्षांनी बाबा म्हणालेली, आणि माझ्या डोक्यात आंबलेला मोह. मी घाबरलो. त्या गाडीत दुसरं कोणी बसलं, त्याला वास आला नाही, तर मी पुन्हा पिण्याच्या वाटेवर आहे हे पक्कं होणार. आणि वास आला, तर काय होणार याचा मी तेव्हा विचारच केला नाही.

म्हणून मी अहेरीच्या मिस्त्रीकडे गेलो तेव्हा दार उघडून त्याला आत बसू दिलं नाही. बाहेर उभ्यानेच म्हटलं, "थंड कमी करते." मिस्त्रीलाही आत बसायची हौस नव्हती. त्याने बॉनेटमध्ये डोकावलं आणि जगातला प्रत्येक एसी मिस्त्री जे म्हणतो ते म्हणाला, "गॅस गेला." मला माहीत होतं की गॅस गेलेला नाही. तरी मी मान डोलावली. त्याने गॅस भरला. फरक शून्य. मग त्याने गाडीच्या नाकाकडच्या, रेडिएटरपुढच्या जाळीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला, चिखल निघाला, फरक शून्य. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काकाजी, डॅशबोर्ड खोला लागते. ते काम आपल्या इथी होत नाई, बल्लारपूरले न्या." मी म्हटलं, बघू.

या सगळ्या खटपटीत मी रोज एसी लावून फिरत होतो, आज तरी सुधारतो का बघायला. डाव्या बाजूला पायाखालचं पायपुसणं ओलं व्हायला लागलं. एसीचं पाणी एका नळीतून गाडीखाली गळायला हवं, ते आत गळत होतं. मी त्याच्यावर पोतं टाकलं आणि वास सोसत राहिलो. खरं सांगायचं तर काही वेळा मी एसी बंद करायला उशीर केला. वासच तर होता. घोट नव्हता.

एका संध्याकाळी दारात मी हा केला, बायको बाजूला झाली आणि मी तिच्या शेजारून आत जाताना तिने माझी कॉलर धरली. नाक शर्टाला लावलं.

"तोंडाले नाई," ती म्हणाली. "शर्टाले हाय."

मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. वास खरा होता. माझ्या डोक्यात नव्हता. मी जवळजवळ हसतच म्हटलं, "गाडीतून येतो तो. एसीतून येतो."

"म्हंजे गाडी पेते?"

"पोरीची शपथ, मी..."

"तिची शपथ खाऊ नका," ती म्हणाली. "तिची एक सोयरीक खाल्ली तुमी, तेवढं बस झालं."

मी तिला हात धरून गाडीकडे नेलं. काचा बंद होत्या, दार उघडताच वासाचा भपकारा आला. माझ्या दृष्टीने हा पुरावा होता. तिच्या दृष्टीनेही होता. ती म्हणाली, म्हणजे आता गाडीत बसून पिता. तिने सीटखाली हात घालून बाटली शोधली, डिकी उचकली, पोतं उचलून हुंगलं. बाटली सापडली नाही तेव्हा ती आणखीच शांत झाली. म्हणाली, "लपवायची कला तुमाले कोण शिकवन."

बेवड्याचं हे असं असतं. त्याच्याकडे बाटली सापडली तर तो पितो, नाही सापडली तर तो लपवून पितो. मी त्या दिवशी तिला बरंच काही बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो. ते सगळं तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन पोरीला फोन लावला. दार लोटलेलं होतं, मला फक्त तिचं "हो", "हो", "सांगतो मी" एवढंच ऐकू आलं. बाहेर येऊन तिने निरोप सांगितला. मामा पाटावर बसेल. आणि बाबांनी लग्नाला येऊच नये. कोणी विचारलं तर तब्येत बरी नाही म्हणून सांगायचं. पोरगी पुन्हा थेट बोलायची बंद झाली होती.

गाडीची किल्ली पुन्हा पेटीत गेली. लग्नाला तीन-चार दिवस उरले असताना साळा आला. त्याच्या नव्या गाडीत आहेराचं सामान भरलेलं होतं, आणि बल्लारपूर स्टेशनवर उतरणाऱ्या म्हाताऱ्या मावशीला आणायचं होतं. म्हणून तो जुनी गाडी घेऊन गेला. सोबत बायको गेली, पुढच्या सीटवर, नवी साडी नेसून. पहाटे निघाले आणि दुपारच्या सुमारास परतले. साळ्याने दार आपटलं आणि मला म्हणाला, "भाऊजी, गाडीत बसवत नाई तुमच्या. एसी लावला तं उलटी येते." मग स्वतःच्या शर्टाला नाक लावून त्याने तोंड वाकडं केलं आणि आंघोळीला गेला. मावशी म्हणाली, सगळ्या रस्त्यात काचा उघड्या होत्या, जीव भाजून निघाला.

त्याच भर उन्हात बायको विहिरीवर गेली आणि एकदाच नेसलेली नवी साडी धुवायला बसली. साडीचा काठ तिने साबण लावून दोनदा घासला. मी ओट्यावरून बघत होतो. मला वाटलं, माझ्या गाडीत बसली याचाही हिला विटाळ झाला. साडी दोरीवर टाकून ती आत गेली आणि बराच वेळ फोनवर हळू आवाजात बोलत बसली. तेव्हा मी त्यातून काहीच अर्थ काढला नाही.

हळद आमच्याच घरी लागली. मी मागच्या खोलीत होतो, बाहेर बायकांची गाणी चालली होती. कोणी डोकावून विचारलं तर मीच खोकून दाखवायचो, तब्येत बरी नाही. लग्नाच्या दिवशी उजाडताच सगळे भाड्याच्या गाडीत बसायला निघाले. पोरगी देवापुढे वाकली, मग सरळ माझ्या खोलीत आली. मी धुतलेला सदरा घालून खाटेवर बसलो होतो. ती माझ्या पाया पडली. उठताना ती क्षणभर माझ्या छातीजवळ थांबली आणि तिने श्वास आत ओढला. आईचीच लेक. मी चार दिवसांत गाडीत बसलो नव्हतो. माझ्या अंगाला साबणाशिवाय कशाचा वास येणं शक्य नव्हतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, चला बाबा. ती डोळे पुसत बाहेर गेली आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सगळे गेल्यावर घरात बसवेना. शेजारीपाजारी तब्येत विचारायला येणार, आणि विचारता विचारता हुंगणार. किल्ली पेटीवरच राहिली होती, घाईत कुलपात घालायची राहून गेली असावी. मी गाडी काढली आणि बल्लारपूरला गेलो. रस्ताभर काचा उघड्या ठेवल्या, तोंड भट्टीत घातल्यासारखं झालं होतं, पण एसी लावला नाही.

बल्लारपूरचा एसीवाला कोळशाच्या रस्त्याला लागून टपरीत बसायचा. जाड, बोलघेवडा, सतत खर्रा चघळणारा. मी त्याला पहिल्यांदाच खरं ते सगळं सांगितलं. हवा येत नाही, नळी गार आहे, आत पाणी गळतं, आणि मोहाचा वास येतो. तो डाव्या सीटवर बसला, एसी लावला, नाक जाळीला लावलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "काकाजी, आपसातली गोष्ट हाय, किती पेता?"

मी म्हटलं, डॅशबोर्ड खोल.

ते काम लांबलचक असतं. एकेक पत्रा, एकेक स्क्रू बाहेर येत गेला. गाडीचं तोंड सोलल्यासारखं झालं. मी समोरच्या बाकावर बसून मोबाईलमधलं घड्याळ बघत होतो. दुपारचा मुहूर्त होता. अंतरपाट धरला असेल, मंगलाष्टकं सुरू झाली असतील, साळा सोवळ्याने पाटावर बसला असेल. त्याच सुमाराला एसीवाल्याने पंख्याची काळी पेटी खाली उतरवली आणि झाकण उघडलं.

आत मोहफुलं होती. ओंजळी-ओंजळीने निघाली. उंदरांनी काचेखालच्या फटीतून आत नेऊन पंख्यापासून गार कॉइलपर्यंत सगळी पेटी ठासून भरली होती. पाणी जायची नळी फुलांनी बुजली होती, म्हणून एसीचं सगळं पाणी पेटीतच साचलं होतं. त्या पाण्यात फुलं फुगली होती, आंबली होती, वर फेस आला होता. आमच्याकडे दारू गाळायच्या आधीच्या या घाणीला सडवा म्हणतात. पोलीस धाड घालतात तेव्हा हाच सडवा मातीत ओतून देतात. तो माझ्या गाडीत तयार होत होता. मी रोज एसी लावून त्याला पाणी घालत होतो.

एसीवाल्याला हसू आवरेना. त्याने शेजारच्या टायरवाल्याला, चहावाल्याला, रस्त्याने जाणाऱ्या दोघांना बोलावलं. "भट्टी हाय, एसी नाई," तो म्हणत होता. एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला. माझ्या तोंडावरही कॅमेरा फिरवला. मी हसलो की रडलो ते मला आठवत नाही, पण तो व्हिडिओ नंतर अहेरीत सगळ्यांनी बघितला आणि त्यात मी हसताना दिसतो.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गाडी जोडून दे, मला गडचिरोलीला जायचं आहे. तो म्हणाला, संध्याकाळ होईल, आणि आधी धुवावं लागेल. गाडीचा अर्धा संसार रस्त्यावर पसरलेला होता. हातात पुरावा होता आणि जायला चाक नव्हतं. मी बायकोला फोन लावला. ती उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी तिने उचलला. मागे बँडचा आवाज होता.

मी ओरडून सांगितलं, उंदरांनी नेलेली फुलं, सडवा, नळी, सगळं.

"अक्षता पडल्या आताच," ती म्हणाली. "बरं झालं. तिथं गेलेच आहा तं गाडी सारी साफ करून घ्या." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, गर्दीत तिला नीट ऐकू गेलं नसेल.

मी सडव्याचा एक गोळा रिकाम्या डब्यात घालून घरी आणला. मांडवपरतणीला पोरगी-जावई येणार होते, तोवर तो डबा मी झाकण घट्ट लावून माझ्या खाटेखाली ठेवला. बायकोला एकदा उघडून दाखवला. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "खताच्या खड्ड्यात टाका ते." माझ्या घरात, माझ्या खाटेखाली, तिच्या डोळ्यांदेखत आंबलेला मोह होता आणि ती एवढंच म्हणाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पोरगी आली. जेवणं झाली. जावई मोठ्या कौतुकाने गाडीत एसी लावून बसला होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी पोरीसमोर डबा ठेवला आणि झाकण काढलं. भाषण तयार ठेवलं होतं. उंदरांपासून सुरुवात केली. ती ऐकत होती, बांगड्या मागे-पुढे करत होती. मी नळीपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मालूम हाय मले."

"एसीवाल्याने सांगितलं?"

"आईनं. बल्लारपूरहून आली त्याच दिवशी फोन केला होता. मामाच्या शर्टाले वास, आईच्या साडीले वास. फुलं मांडवात कोणी वाळू घालू देली, ते तं आईले माहीतच होतं."

मी बायकोकडे बघितलं. ती पानाला चुना लावत होती. "मी म्हटलं हिले, बोलावून घेऊ का त्यायले," ती म्हणाली. "ही म्हणे, राहू दे."

"काऊन?" मी विचारलं. माझ्या तोंडून शब्दच असा आला, डेपोत मजुरांशी बोलताना यायचा तसा.

पोरीने डब्याचं झाकण उचललं आणि घट्ट लावलं. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं, मला रागाशी भांडता येतं.

"तुमी पेले नोते, हे मले माहीत होतं," ती म्हणाली. "निघतानाही पाह्यलं मी. पण बाबा, तुमी लग्नाले आले असते तं दिवसभर माह्यं ध्यान तुमच्यावर राह्यलं असतं. आता पडतीन, मंग पडतीन. तुमी पेले काय, नाई पेले काय, मले तसंच पाहा लागलं असतं. त्या दिवशी मी एकदाही मागं वळून नाई पाह्यलं. वास आला ते बरंच झालं."

मग ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली. बाहेरून जावई म्हणाला, गाडी मस्त गार झाली आहे. मी म्हटलं, हो, आता काही तक्रार नाही.

दुपार कलल्यावर मी त्या दोघांना गडचिरोलीला सोडायला गेलो. पोरगी मागे बसली होती. मी एसी चारवर ठेवला. काचा बंद होत्या आणि गाडीत कशाचाही वास नव्हता. मला अधूनमधून वाटत होतं, यावा. निम्म्या रस्त्यात तिने पदर अंगाभोवती घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "त्यायले सांग, जरा कमी करा." मी कमी केला.

त्यांना दारात सोडून मी आत न जाताच परतलो. घरी आलो तेव्हा दिवेलागणी होत होती. गाडी मांडवात लावली, किल्ली हातात घेतली आणि दारापाशी आलो. बायको दारात उभी होती. डबा तिने खड्ड्यात टाकून, घासून, ओट्यावर पालथा घातला होता. तिने किल्ली घेतली, मान जराशी पुढे केली आणि म्हणाली, "हा करा."

मी केला. त्या दिवशी मी कांदा खाल्ला नव्हता.